चीक

एकशे एक्केचाळिसाव्या पेटीत खिळा अर्धाच गेला.
फळीवर बोटभर उभा राहिला,
पंगतीत वाढप थांबल्यावर
मधेच उठलेल्या माणसासारखा.
पुढच्या वेळी नुसताच आवाज. खट्.
खिळा आलाच नाही.

पहाटे चारला टेम्पो. साठ पेट्या बाकी.
जामसंड्याच्या उतारावरची शेड,
आणि बाहेर ती हवा, जी बिजागऱ्याही
दर वर्षी थोड्या थोड्या खाते.

सत्यवान म्हणाला, ‘खारो वारो लागलो तेका.’
इथे काहीही बिघडलं, शिलाई मशीन, स्कूटर, एखाद्याचं लग्न,
की गुन्हा समुद्रावर टाकतात.
समुद्र कोर्टात येत नाही.

मी आधी बॅटरी काढली.
कितीही घाई असो, आधी बॅटरी.
डाव्या अंगठ्याच्या नखाला विचारा
एकदा न काढता काय झालं होतं.

खिळ्यांची माळ बाहेर घेतली.
चोचीचे दोन स्क्रू सैल केले,
आत एक खिळा, केसातल्या आकड्यासारखा दुमडलेला.
पकडीने ओढला. आला.
वाटलं, संपलं.

चार पेट्या नीट. पाचवीत पुन्हा अर्धा.
म्हणजे अडकणं हा आजार नव्हता,
आजाराचा ताप होता.

बॅटरीवर चारातले तीन दिवे हिरवे.
पण संध्याकाळी साऱ्या वाडीचे पंप लागतात,
व्होल्टेज पडतं,
चार्जर बिचारा काय ते भरतो आणि भरलं म्हणून सांगतो.
दुपारी भरलेली दुसरी बॅटरी लावली.
तरी अर्धाच.
खोलीची चकती शेवटपर्यंत फिरवली. अर्धाच.
माळ बदलली, नवा डबा फोडला. अर्धाच.

मग पोटात गोळा आला.
कारण यानंतर उरतो तो आतला सिलिंडर,
कोंडलेली हवा, आणि त्यावरचा लाल शिक्का: उघडू नये.
तो गेला तर बंदूक कोल्हापूरला,
पंधरा दिवस.
पंधरा दिवसांत हापूस कोणासाठी थांबतो?

सत्यवान तेलाची बाटली घेऊन उभा.
‘वाईच त्याल सोडूया?’
नको. पुस्तकात तीन ठिकाणी लिहिलंय, तेल नको.
(अल्ताफ मुकादमांनी दुबईहून बंदूक आणली
तेव्हा पुस्तक फेकून देणार होते. मी मागून घेतलं.)

मोबाइलचा उजेड चोचीत धरला.
खिळा ढकलणारं ते पातं
वर गेलं की पूर्ण खाली यायला हवं.
येत नव्हतं. हळूहळू येत होतं,
शाळेत निघालेल्या मुलासारखं.
बोट लावलं: चिकट. काळपट, भुशाने माखलेलं.
नाकाशी नेलं.

हा वास मला झोपेतही ओळखता येईल.

परवा आंबे उतरले तेव्हा
देठ खाली करून चीक गाळायला
याच फळ्या आडव्या टाकल्या होत्या.
काल त्याच पुसून पेट्यांना घेतल्या.
‘कशाला टाकायच्या, चांगल्या आहेत,’
हे सत्यवानाने नाही म्हटलं.
शेडमध्ये असं बोलणारी एकच बाई आहे.

रॉकेल, चिंधी, जुना दातांचा ब्रश.
रबराच्या कड्यांना थेंब लागू न देता
वीस मिनिटं खरवडत बसले,
उरलं ते नखाने.
मग बॅटरी. मग रद्दी फळीवर एक.
ठक्.
माथा लाकडाशी समान. हात फिरवला तर कळू नये असा.

चिकाच्या फळ्या चुलीकडे टाकल्या,
कोऱ्या काढल्या.
साडेतीनला शेवटची पेटी.

ड्रायव्हरने विचारलं, उशीर का?
सत्यवान म्हणाला, ‘खारो वारो, दुसरा काय!’
मी पेट्या मोजत होते, मधे बोलले असते तर आकडा चुकला असता.

दोन दिवसांनी उजव्या मनगटावर
चिकाचा डाग उठला, रुपयाएवढा, काळा.
कोणी विचारलं तर म्हणते,
भाजलं.